शिडी सोडून सगळं फिट्टमफाट

...आणि वर हसतात! हसतात हो! लोकांच्या दारात उभं राहायचं, दोन्ही हात असे झटकायचे, पेढे वाटायला आल्यासारखा चेहरा करायचा आणि म्हणायचं काय, तर "फिट्टमफाट!" अहो, एका दारात नाही, दोन दारांत नाही, अख्ख्या गावात! माझ्या सख्ख्या बापानं! आणि तेही कधी, तर ऐन रोवण्याच्या तोंडावर! धानाच्या शेतात, बांधीत पाणी उभं, चिखलणी झालेली, पऱ्हे वाढून वाढून माझ्या गुडघ्याला लागायला आलेले... पऱ्हे म्हणजे धानाची रोपं हो, ती वेळेत उपटून रोवली नाहीत तर म्हातारी होतात, मग कितीही लाड करा, फुटवे धरत नाहीत. म्हणजे वर्षाचा भात गेला! आणि रोवायला माणूस नाही. एक माणूस नाही! काऊन नाही? तर म्हणे फिट्टमफाट!

थांबा, तुम्हाला नीट सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल ही पोरगी बापावर उगाच तोंड सोडून राह्यली.

मी आचल. पाच वर्षं दूर दक्षिणेत शिकले. अशा शहरात की शेजारच्या खोलीत कोण राहतं ते मला त्याच्या कुरिअरच्या खोक्यावरून कळलं. तिथं मला कोणाची गरज नव्हती, कोणाला माझी नव्हती, आणि या प्रकाराला ते लोक स्वातंत्र्य म्हणायचे! मला एकदा ताप आला तेव्हा त्या स्वातंत्र्यानं मला पाण्याचा पेला दिला नाही हो. मी म्हटलं, नको. मी आपली गावी जाते. आमच्या तलावाच्या काठी, जंगलाच्या कुशीत, जिथं कोणाच्या घरी कढी केली की वाटी आपोआप चालत येते. मी फार पेटून आले होते हो! म्हटलं, जगाला सांगायचं, माणसं एकमेकांना धरून कशी राहतात ते या गावात येऊन पाहा!

आणि खरंच पाहण्यासारखं होतं. आमच्या घरातलंच सांगते. पाटा आमचा, पण वरवंटा? वरवंटा शेजारच्या देवकाबाईकडे. का? कोणालाच माहीत नाही. मिरची वाटायची झाली की एक तर देवकाबाई वरवंटा घेऊन आमच्या घरी, नाहीतर आई पाटा... छे, पाटा कोण उचलणार, देवकाबाईच यायची. मिरची मूठभर, गोष्टी पायलीभर. केवळरामभाऊंचा दोर आमच्या खुंटीला. आमचं घमेलं त्यांच्या डोंग्यात, म्हणजे लाकडी होडीत, त्यानं ते डोंग्यातलं पाणी उपसायचे आणि तलावातली मासळी त्याच घमेल्यातून आमच्याकडे यायची. सत्यशीलाबाईचा झारा आमच्या चुलीशी. आणि शिडी! आमची बांबूची शिडी कोणाच्या तरी मांडवाला म्हणून गेली, तिथून कोणाच्या छपरावरचे कवेलू फेरायला, तिथून कोणाच्या झाडावरची चिंच पाडायला... ती माझ्या जन्माआधीपासून फिरतीवर आहे. मी तिला फक्त दुरून पाहिलेली आहे, कोणाच्या तरी खांद्यावर जाताना.

तर असं चाललं होतं. आणि बाबा निवृत्त झाले.

वामनराव म्हणजे आमचे बाबा बल्लारपूरला फिटर. उभी नोकरी कंपनीच्या क्वार्टरमध्ये काढली, सुट्टीच्या दिवशी फटफटीवर गावात यायचे, संध्याकाळी परत. फिटर माणूस! त्यांना सगळं फिट लागतं. जिथली वस्तू तिथं. क्वार्टरमधल्या शेजाऱ्याकडून काडेपेटी घेतली तर एक काडी ओढून काडेपेटी परत, आणि वर हसून, "घ्या साहेब, फिट्टमफाट!" तिकडे तो शब्द चहा-पाण्यासारखा. त्यात कोणाला काही वाटायचं नाही.

इकडे, तुम्हाला सांगते, आमच्या गावात तो शब्द कोणी उच्चारत नाही हो! फार झालं तर कोणी कोणाचा बांध कोरला, भाऊ भावाच्या अंगावर धावून गेला, तर तो दारात उभा राहून म्हणतो, "आजपासून आपलं फिट्टमफाट!" म्हणजे मेलास तरी येणार नाही. आणि आधी काय करतो? त्याच्या घरची एकूण एक वस्तू त्याच्या अंगणात नेऊन ठेवतो.

आलं का ध्यानात? येतंय का पुढचं? मला नाही आलं हो! मी त्या दिवशी तालुक्याला गेले होते, आईच्या पायाचे फोटो दाखवायला.

हां, आईचा पाय. भागीरथा माझी आई. तलावाच्या पाळीवरून घसरली आणि पाय मोडला. बाबा नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात बल्लारपूरला, मी गावी येणाऱ्या रेल्वेत. मग कोणी नेलं तिला? केवळरामभाऊंनी पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत, सत्यशीलाबाईच्या जावयाच्या गाडीतून दवाखान्यापर्यंत, आणि देवकाबाई प्लास्टर वाळेपर्यंत उशाशी. हे बाबांनी ऐकलं आणि त्यांच्या काळजाला लागलं. वाईट माणूस नाही हो तो! त्यांना ओझं झालं. रात्रभर म्हणे कूस बदलत होते. "किती उपकार घ्यायचे लोकांचे? भागीरथा, आपण लोकांच्या जिवावर जगतो का?"

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा डोळा लागलाय बघून हा माणूस उठला आणि घर आवरलं!

दोराचं वेटोळं करून केवळरामभाऊंच्या अंगणात. झारा घासून पुसून सत्यशीलाबाईच्या ओट्यावर. घमेलं डोंग्यातून उचलून आमच्या न्हाणीत. वरवंटा देवकाबाईच्या चुलीपासून, तिच्या डोळ्यांदेखत, "आमचा आहे ना हा? नेतो!" परवा केवळरामभाऊंनी मासळी दिली होती, तर बाजारातून तेवढीच मासळी तोलून आणून त्यांच्या दारात! अहो, तलावावर जाळं टाकणाऱ्या माणसाला बाजारातली मासळी! आणि विरजण... हसू नका, मला रडू येतंय... सत्यशीलाबाईकडून आईनं विरजण आणलं होतं, तर चमचाभर दही वाटीत घालून तेही परत! आणि प्रत्येक दारात, हात झटकत, आनंदानं, "घ्या, आता आपलं कोणाकडे काही नाही, कोणाचं आपल्याकडे काही नाही. फिट्टमफाट!"

फक्त शिडी सापडली नाही. घरोघर विचारलं. शिडी सोडून सगळं फिट्टमफाट!

मी संध्याकाळी घरी येते तो आई खाटेवर उठून बसलेली, डोक्यावरचा पदर तोंडात कोंबून रडून राह्यली. म्हटलं आई, पाय दुखतो का? तर म्हणते, "पायाचं काय घेऊन बसली वो? तुह्या बापानं माहं गाव मोडलं! सारी जिंदगी घालून बांधलं होतं मी, एका दुपारी मोडलं!"

आणि बाबा? बाबा पाट्यावर वरवंटा ठेवून दोन पावलं मागे सरून बघत होते. "आता कसं, सेट पूर्ण झाला!"

मी म्हटलं, एवढं काय? गैरसमज आहे, दूर करू! मी शिकलेली मुलगी, माणसामाणसांतलं नातं या विषयावर मी एवढा जाडा प्रबंध लिहिलाय, मला बोलता येतं! गेले देवकाबाईकडे. म्हटलं, देवकाबाई, बाबांच्या बोलण्याचा अर्थ तसा नव्हता, माणूस माणसाला धरून असतो, तुम्ही आणि आम्ही काय वेगळे आहोत, समाज म्हणजे तरी काय... चांगलं अर्धा तास बोलले हो! माझेच डोळे भरून आले. देवकाबाईनं सगळं ऐकून घेतलं, मग सुपातले खडे वेचत म्हणाली, "भासन बेस करतं तू माय. पण तुह्या बापानं माह्या दारात उभं राहून म्हणलं, फिट्टमफाट. मी त घाबरलीच! म्हणलं, कोणता गुन्हा केला बाप्पा आमी? माह्या हातचा वरवंटा ओढून नेला. आता तूच सांग, मिरची मी कायनं वाटू? तुह्या भासनानं?"

केवळरामभाऊंकडे गेले. ते जाळं विणत बसलेले. वर पाह्यलंच नाही. "आमाले बजारातली मासोळी दाखवते तुमचा बाप? चव पाह्यली आमी. शिळी होती."

सत्यशीलाबाई तर दारातूनच, "विरजन कोनी वापस करते का वो? मी माह्या नवऱ्याले म्हणलं, हे लोक गाव सोडून जाऊन राह्यले वाटते. मंग आमी कायले यावं रोवायले?"

हात जोडले. पाया पडले. एकच उत्तर! "तुमीच म्हणलं ना, फिट्टमफाट?"

आईला म्हटलं, तू सांग त्यांना, तुझं ऐकतील. आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "ज्यानं मोडलं त्यानं जोडावं." संपलं!

आणि बाबांना म्हटलं, जा, माफी मागा. तर, "मी काय कोणाची चोरी केली? लोकांच्या वस्तू परत करणं हा गुन्हा आहे? मजूर आणतो!" गेले फटफटीवर पलीकडच्या गावात. तिथली मुकादमीण मोठी हुशार. "बांधी कुठी हाय तुमची?" जंगलाला लागून. "तुमच्या गावचे काऊन नाई येत?" बाबांनी फटफटीचा आरसा पुसला. "जिथी गावचेच लोक नाई उतरत तिथी आमी कायले उतरू, भाऊ? पट्टेवाला असंल!" मग यंत्र बघितलं. यंत्रवाला आला, बांधीच्या तुकड्यांकडे पाहून म्हणाला, यात माझं यंत्र वळणार नाही, तुमचा बैल तरी वळतो का? गेला निघून.

आणि पट्टेवाल्याचं, म्हणजे वाघाचं हो, तुम्हाला सांगते, ती काही गंमत नाही. तो आहे. आमच्याकडे तो असतोच. म्हणून तर रोवणा एकट्यादुकट्यानं करायचा नसतो! रोवताना माणूस वाकलेला, पाठ जंगलाकडे. एकटा माणूस वाकला की लांबून चार पायांचाच दिसतो. पण वीस बायका ओळीनं वाकल्या, की त्यांच्या गाण्यांचा आणि सुनांच्या तक्रारींचा असा कलकलाट होतो, की पट्टेवालासुद्धा म्हणत असेल, नको बुवा, आपण दुसरीकडे जेवू. समजलं का? आपली पाठ दुसऱ्याच्या तोंडावर सोडलेली असते हो! हे मी एवढ्या जाड्या प्रबंधात लिहायला हवं होतं, ते राहूनच गेलं.

मग तो दिवस उजाडला. पाळी आमची होती. दरवर्षी आमचा रोवणा पहिला, मग केवळरामभाऊंचा, मग देवकाबाईचा. सकाळी मी बांधावर उभी राहिले, म्हटलं, येतील. लोक असे निर्दय नसतात. आणि आले हो! आलं सगळं गाव, डोक्यावर इरली, कमरेला पदर, हसत-बोलत... आणि आमच्या बांधीपाशी येऊन सगळ्यांचं बोलणं एकदम बंद. खाली माना घातल्या आणि आमचा बांध ओलांडून पुढच्या, केवळरामभाऊंच्या बांधीत उतरले. एक देवकाबाई वळून पाहत होती. तिलाही कोणी तरी ओढलं. आमच्या पाण्यात आभाळ होतं, बाकी कोणी नव्हतं. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या दक्षिणेतल्या खोलीत ताप आला होता ना, त्यापेक्षा एकटी मी तेव्हा त्या बांधावर होते. एका बांधाचं अंतर! आणि तेवढ्यात मागून आवाज, "सरक. आपण करू. आपलं कोणावाचून अडत नाही."

बाबा! डोक्यावर कारखान्याचं पिवळं हेल्मेट, आणि हेल्मेटच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगानं काढलेले हे एवढे दोन डोळे! म्हणजे पट्टेवाल्याला वाटावं, माणूस आपल्याकडे बघतोय. मला म्हणाले, तू बांधावर बसून ताट वाजव. मी रोवतो.

मी शिकलेली मुलगी हो! झाऱ्यानं ताट वाजवायचं म्हटलं, तर झाराही परत गेलेला. वरवंट्यानं वाजवलं! टण्... टण्... आणि बाबा चिखलात दोरी लावून, फुटपट्टीनं मोजल्यासारखी एकेक काडी रोवताहेत. पलीकडे केवळरामभाऊंची अर्धी बांधी हिरवी झाली, तेव्हा बाबांची तिसरी ओळ चालू होती. पण सरळ! रेल्वेच्या रुळासारखी सरळ!

आणि मग आवाज आला. कट्ट!

मला वाटलं फांदी मोडली. फांदी नव्हती, बाबांची कंबर होती. वाकलेल्या जागी वाकूनच राहिले! पाय गुडघ्यापर्यंत रुतलेले, हात पाण्यात, वर होता येत नाही, खाली बसता येत नाही. "आचल... आचल, मी लॉक झालोय!" आणि त्याच घटकेला, तुम्हाला सांगते, मागच्या झुडपात खसफस! मोठी खसफस! माझ्या हातून वरवंटा निसटला, ताटावर पडला, ताट वरवंट्यासकट चिखलात! बाबांना मान वळवता येईना. "काय आहे गं?" दिसत नाही बाबा! "वाजव!" ताट गेलं! "मग ओरड!" मी तोंड उघडलं तर आवाज नाही. "ओरड ना गं!" कोणाला ओरडू? सांगा ना, कोणाला ओरडू बाबा?

तो माणूस बघा हो! चिखलात वाकलेला, नाकापुढे स्वतःचीच सरळ ओळ, आणि डोक्यामागून ते पांढरे डोळे जंगलाकडे टक लावून. आणि मग त्यांच्या पोटातून, खोल, लहानपणच्या कुठल्या तरी कोपऱ्यातून, क्वार्टरमधली सगळी भाषा फेकून देऊन जी हाक आली... "अवोऽऽ केवळरामभाऊ! धावा वोऽऽ! मले काढा वोऽऽ!"

अहो, हाक पुरी व्हायच्या आत! मी पाहिलं ना! जणू सगळे तेवढ्यासाठीच वाकून थांबले होते. वीस बायका, चिखलाचे हात वर करून, किंचाळत, बांध तुडवत, सगळ्यांत पुढे देवकाबाई, "कुठी हाय मेला? दाखवा मले!" झुडपात काय होतं ते आजवर कोणाला कळलं नाही. पण जे काही होतं ते त्या आवाजानं जे सुटलं, ते सिरोंचा ओलांडून तेलंगणात गेलं असेल. केवळरामभाऊंनी बाबांच्या कमरेला दोर बांधला. तोच दोर हो! वेटोळं करून परत दिलेला! आणि ओढलं. बाबा निघाले, बूट राहिले.

खाटेवर घालून घरी आणलं. एका भिंतीशी आई, दुसऱ्या भिंतीशी बाबा, मध्ये सगळं गाव उभं. बाबा कण्हत म्हणतात काय, सांगा बरं? "केवळरामभाऊ, हे मी फेडणार कसं?"

आई मोडक्या पायानिशी उठून बसली. "खबरदार! फेडाल तर याद राखा!"

आणि देवकाबाई पदरानं बाबांच्या तोंडावरचा चिखल पुसत म्हणाली, "राहू द्या वो वामनभाऊ. तुमी परवा कोनी लागत नव्हते आमचे. आता लागता."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाला बोलवायला जावं लागलं नाही. दुपार कलायच्या आत आमची बांधी हिरवी. बाबांच्या त्या तीन सरळ ओळी तेवढ्या मधोमध, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी बायकांच्या वाकड्या ओळी त्यांना धरून. वाकड्याच जोमात आहेत, हे मी घरी बोलत नाही.

आता संपलं म्हणता? कसलं संपतंय! बाबा हिंडू-फिरू लागले. सकाळी उठले, "माझं हेल्मेट कुठंय?" आई म्हणाली, "गावात हाय." केवळरामभाऊ त्यानं डोंग्यातलं पाणी उपसतात, ते मागचे डोळे तलावाकडे बघत असतात. "घमेलं?" गावात. "वरवंटा?" देवकाबाईनं चिखलातून काढून धुऊन नेला, तिच्याच घरी आहे. "अरे, पण परत कधी..." आईनं नुसतं पाहिलं. बाबा निघाले हेल्मेट आणायला. तासाभरानं परत आले. हेल्मेट नाही. हातात विरजणाची वाटी! आणि तोंड उतरलेलं. "केवळरामकडे उरलेला रोवणा आहे. मग देवकाबाईकडे, मग सत्यशीलाबाईकडे. मला बांधावर ताट वाजवायला बोलावलंय." मी म्हटलं, वा बाबा! तर म्हणतात, "आणि तुला रोवायला."

मला! अहो, मी समाज जोडायला आले होते, चिखलात काड्या जोडायला नाही! पाठ धरली आहे, नखं काळी झाली आहेत, प्रबंध सत्यशीलाबाईच्या नातवानं नेलाय, उंच पाट म्हणून त्यावर बसून जेवतो. मागायला जाऊ का? नाही. नाही! मागू नये, मला कळलंय आता.

...येतेऽ वोऽ देवकाबाई! येते! पाहा, हाका सुरू झाल्या. जाते मी. सुटका नाही. फक्त जाता जाता एक विनवणी आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी, चुकून, आमची बांबूची शिडी आलेली असेल... बाबा तुम्हाला विचारत येतील. हात जोडते तुम्हाला, नाही म्हणा.